मागे सरकू नका, पुढे या!

(आपल्या मंडळाच्या छायाचित्रण गटापुढे केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले इंग्रजी शब्द तसेच ठेवले आहेत.)



आज मला अल्ट्रा-वाइड अँगल लेन्सबद्दल बोलायला सांगितलंय. मी काही व्यावसायिक छायाचित्रकार नाही. सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवार कॅमेरा, असा माझा साधा हिशेब आहे. त्यामुळे भाषणात थोडंसं गणित येणारच, त्याला इलाज नाही. पण ते नववी-दहावीच्या वरचं नसेल, आणि जेवण साडेबाराला आहे हेही माझ्या पक्कं लक्षात आहे!

गेल्या काही वर्षांत एक गंमत झाली आहे. पूर्वी अल्ट्रा-वाइड लेन्स म्हणजे हौशी माणसाची चैन होती. पाच-सातशे डॉलर मोजून लेन्स आणायची आणि घरी 'ही कशाला अजून एक?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आता २०१९ साली आयफोन ११ आला, त्यात १३ मिलिमीटरच्या तोडीचा अल्ट्रा-वाइड कॅमेरा आला. काही अँड्रॉइड फोनमध्ये तो त्याच्याही आधी होता. म्हणजे आज या हॉलमध्ये बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये ही लेन्स आहे. स्क्रीनवर जो 'पॉइंट फाइव्ह' दिसतो ना, तोच तो! वस्तू सगळ्यांकडे आहे, पण ती कशासाठी आहे हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आजची ही बैठक.

अल्ट्रा-वाइड म्हणजे नेमकं काय?

लेन्सला किती रुंद दिसतं ते आपण अंशांत मोजतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात, म्हणजे ज्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो त्यात, नेहमीची ५० मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंश बघते. २४ मिलिमीटरची लेन्स ८४ अंश बघते. १६ ची १०७ आणि १४ ची ११४. साधारणपणे २४ च्या खाली गेलं की अल्ट्रा-वाइडचा मुलूख सुरू झाला असं समजायचं. तुमचा कॅमेरा लहान सेन्सरचा असेल, म्हणजे क्रॉप सेन्सरचा, तर तुम्हाला १० किंवा ११ मिलिमीटरपासून सुरू होणारी लेन्स लागेल. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती १८-५५ ची लेन्स यात मोडत नाही. ती फक्त वाइड, अल्ट्रा नव्हे.

ही कल्पना काही आजची नाही बरं का. १९०० साली बर्लिनच्या गोर्झ कंपनीने हायपरगॉन नावाची लेन्स काढली होती. तिला सुमारे १३५ अंश दिसायचं. पण मध्यभागी उजेड भरपूर आणि कडेला अंधार, अशी तिची अडचण होती. मग त्यांनी काय करावं? लेन्सच्या पुढ्यात चांदणीच्या आकाराचं एक छोटं चक्र बसवलं. रबरी फुग्याने हवा मारली की ते भुईचक्रासारखं गरगर फिरायचं आणि मधला उजेड अडवायचा. एक्स्पोजर संपत आलं की ते बाजूला करायचं. पुढे १९५० च्या दशकात लुडविग बर्टेले यांनी झाईससाठी केलेली २१ मिलिमीटरची बायोगॉन आली आणि अशी लेन्स खऱ्या अर्थाने हातात बाळगण्याजोगी झाली. असो. इतिहास इथेच थांबवतो, कारण खरा प्रश्न पुढे आहे.

'सगळं मावतं' हा गैरसमज

लेन्स घेतल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात? योसेमिटीला जातात. टनेल व्ह्यूला गाडी लावतात. डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, मधोमध लांबवर हाफ डोम. लेन्स पूर्ण वाइड करतात आणि फोटो काढतात. सगळं मावलं! घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतात, तर हाफ डोमचा झालेला असतो शेंगदाणा. वर रिकामं आकाश, खाली गाड्यांच्या तळाची भिंत आणि पुढच्या माणसाची टोपी.

यात लेन्सचा काही दोष नाही. ५० च्या जागी १६ लावली की लांबची प्रत्येक वस्तू साधारण तीनपट लहान होते. साधा भागाकार आहे. जे डोंगर बघून आपण गाडीत 'अहाहा' केलं, तेच डोंगर ही लेन्स सगळ्यात आधी बारीक करते.

आमच्या धंद्यात याला 'स्कोप क्रीप' म्हणतात. क्लायंट म्हणतो, हेही टाका, तेही टाका, आणि जमलं तर तेही. शेवटी प्रोग्रॅम तयार होतो, त्यात सगळं असतं आणि वापरणाऱ्याला नेमकं काय करायचं ते सापडत नाही. फोटोचंही तसंच आहे. टनेल व्ह्यूहून फोटो हवा असेल तर खुशाल ५० लावा, ७० लावा. हाफ डोमला मान मिळेल.

मग ही लेन्स कशासाठी? तर मंडळी, ही लेन्स लांबचं सगळं कोंबण्यासाठी नाही. ती जवळ जाण्यासाठी आहे. आजच्या भाषणातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या. पुढचा अर्धा तास मी त्याचीच उदाहरणं देणार आहे.

पणती आणि घर

दिवाळीचंच उदाहरण घेऊ. अंगणात, म्हणजे आपल्या ड्राइव्ह-वेवर, रांगोळी काढली आहे आणि तिच्यात एक पणती आहे. मागे तीस फुटांवर घर, आकाशकंदील वगैरे. तुम्ही पणतीपासून तीन फुटांवर गुडघे टेकून बसला आहात. आता दोन फूट पुढे सरका. पणती एका फुटावर आली, म्हणजे फोटोत ती तिप्पट मोठी झाली. आणि घर? ते तीस फुटांवरून अठ्ठावीस फुटांवर आलं. म्हणजे सात टक्के मोठं झालं, डोळ्यांना कळणारही नाही इतकं. तुम्ही फक्त दोन फूट हललात, पण पणती आणि घर यांचं नातं साफ बदललं. पणती आता चित्राची नायिका झाली, आणि घर तिच्यामागे, तरीही पूर्ण, कंदिलासकट!

यातली मेख अशी की हे नातं लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. तुम्ही कुठे उभे आहात, एवढ्यावरच पुढच्या-मागच्या वस्तूंचं प्रमाण ठरतं. अल्ट्रा-वाइडचं काम इतकंच, की एका फुटावर गेल्यानंतरही मागचं घर चौकटीत राहू द्यायचं. ५० ची लेन्स लावून एका फुटावर गेलात तर पणतीच दिसेल, घर गायब.

म्हणून या लेन्सचा झूम म्हणजे तुमचे पाय. इतर लेन्सच्या बाबतीत एक पाऊल इकडे-तिकडे झालं तरी चालून जातं. इथे सहा इंचांनी चित्र बदलतं. डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटरला गेलात, समुद्रसपाटीपासून २८२ फूट खाली, तर तिथे जमिनीवर मिठाचे षट्कोन-पंचकोन पसरलेले दिसतात. उभं राहून फोटो काढलात तर ती नुसती पांढरी जमीन दिसते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा, आणि एका षट्कोनाची कड चौकटीच्या तळाला ठेवा. मग ती मिठाची कड रस्त्यासारखी सुरू होते आणि थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत घेऊन जाते. पलीकडचं टेलिस्कोप शिखर ११,०४९ फूट उंच आहे, पण या फोटोत ते लहानच दिसणार. दिसू दे! इथे नायक ते नाही, पायाखालचं मीठ आहे.

लाडवांचा प्रयोग

आता थोडी वाईट बातमी. ही लेन्स कडेच्या वस्तू ताणते. गणपतीचा ग्रुप फोटो आठवा. सगळ्यांना मावायला हवं म्हणून कुणीतरी पॉइंट फाइव्ह लावतं. मधे उभे असलेले सडपातळ, आणि कडेला उभ्या राहिलेल्या काकू दीडपट रुंद! बरं, कडेला उभं राहणारी मंडळी बहुतेक वेळा अशी असतात की जी स्वतःहून पुढे येत नाहीत: एखादी बुजरी मुलगी, स्वयंपाकघरातून शेवटच्या क्षणी हात पुसत आलेली गृहिणी, भारतातून आलेले कुणाचे तरी आई-वडील. त्यांच्यावरच हा अन्याय होतो.

हे का होतं ते कळण्यासाठी घरी एक प्रयोग करा. दिवाळीत सामग्री तयारच असते. टेबलावर बेसनाचे सात लाडू एका सरळ ओळीत मांडा. त्यांच्या मागे भिंतीवर एकाच मापाच्या चौकोनी चौकटी लावलेल्या असल्या तर उत्तमच. कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर धरा आणि अल्ट्रा-वाइडने फोटो काढा. भिंतीवरच्या चौकटी कडेलाही चौकोनीच राहतील. पण कडेचे लाडू अंड्यासारखे लांबट होतील!

कारण असं की ही लेन्स सरळ रेषा सरळच ठेवते. सपाट वस्तू समोर असेल तर तिचा आकार बिघडत नाही. पण गोल वस्तू कडेला तिरप्या नजरेने पकडली जाते आणि ती सपाट सेन्सरवर पसरावी लागते. जगाच्या नकाशात ग्रीनलंड कसं आफ्रिकेएवढं दिसतं? खरं तर आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. गोल गोष्ट सपाट कागदावर आणायची तर कुठेतरी किंमत मोजावीच लागते. फिश-आय लेन्स वेगळा सौदा करते. ती गोल वस्तूंना फारसं ताणत नाही, पण सरळ भिंती वाकवते. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता आकडे. १६ मिलिमीटरची लेन्स आणि आडवा फोटो असेल तर अगदी डाव्या-उजव्या कडेचा लाडू, किंवा माणसाचं डोकं, उंचीच्या मानाने दीडपट रुंद होतं. पण चौकटीच्या मधल्या अर्ध्या रुंदीत हा फुगवटा पंधरा टक्क्यांच्या आत असतो, आणि तेवढा सहसा खटकत नाही. म्हणून नियम सोपा: माणसं मधल्या अर्ध्या भागात, कडेला मखर, फुलं, भिंती, झाडं, आकाश, काहीही. फुगलेल्या झाडाला राग येत नाही!

आणि ग्रुप फोटोला ही लेन्स शक्यतो वापरूच नका. हॉलचं दार उघडा, बाहेर जा, मागे सरका, आणि २८ किंवा ३५ लावा. तीन ओळी करा: लहान मुलं खाली, मोठी माणसं खुर्च्यांवर, बाकीचे मागे. आपल्या शाळेत फोटोवाले हेच करायचे, आणि त्यांचं बरोबर होतं.

कॅमेरा सरळ धरा

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा वर-खाली झुकवणं. उंच इमारत दिसली की आपण कॅमेरा वर करतो आणि इमारत मागे पडायला लागते, जणू तिला घेरी आली आहे. सगळ्याच लेन्समध्ये हे होतं, पण अल्ट्रा-वाइडमध्ये ते चारचौघांत उठून दिसतं. उपाय: बहुतेक कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये आता लेव्हलची रेघ दाखवण्याची सोय असते, ती चालू करा. कॅमेरा अगदी सरळ धरा. इमारतीचा माथा कापला जात असेल तर कॅमेरा उभा धरा, थोडे मागे जा, आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका. किंवा त्याहून चांगलं म्हणजे त्या जमिनीवर काहीतरी शोधा: पाण्याचं डबकं, पायऱ्या, सावली, सायकल. सरळ धरलेल्या अल्ट्रा-वाइडमध्ये निम्मा फोटो जमिनीचाच असतो. तो निम्मा फोटो फुकट घालवायचा की कामाला लावायचा, हे आपल्या हातात.

झुकवायचंच असेल तर मात्र मनापासून झुकवा. मुइर वुड्समध्ये रेडवुडच्या झाडांमधे उभे राहा आणि कॅमेरा सरळ आकाशाकडे करा. सगळी खोडं मधोमध एकत्र येतात, देवळाच्या घुमटासारखी. तिथे ते पडणं हाच फोटो आहे. थोडंसं झुकलेलं चुकल्यासारखं वाटतं; पूर्ण झुकलेलं मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

भारतात जाणार असाल तर वेरूळला ही लेन्स जरूर न्या. कैलास लेण्याच्या आवारात तिन्ही बाजूंना कडा आहे, मागे सरकायला जागाच नाही. ध्वजस्तंभाजवळ उभं राहून स्तंभ, देऊळ आणि वरचा कडा एकत्र दाखवायचा तर दुसरी लेन्स कामाची नाही. जुन्या वाड्याचे चौक, देवळांचे सभामंडप, बोळ, अशा ठिकाणी तिचा खरा उपयोग. अजिंठ्यात मात्र फ्लॅशला बंदी आहे, हे ध्यानात ठेवा.

फोकस, उजेड आणि स्वतःचे बूट

फोकसच्या बाबतीत ही लेन्स अतिशय उदार आहे. १६ मिलिमीटर, एफ/८. फोकस साडेतीन फुटांवर करा. साधारण पावणेदोन फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येईल. हेच ५० च्या लेन्सने साधायचं तर फोकस जवळजवळ ३४ फुटांवर करावा लागेल आणि पुढचे सतरा फूट धूसर होतील. क्रॉप सेन्सरवर १० मिलिमीटर असेल तर दोन फुटांवर फोकस करा, एका फुटापासून पुढचं सगळं मिळेल. म्हणून लांबच्या डोंगरावर फोकस करू नका, डोंगर आपोआप येतो. जवळच्या गोष्टीची काळजी घ्या. मोठा प्रिंट काढणार असाल तर एफ/११ करा, म्हणजे थोडी सवड मिळेल. एफ/२२ पर्यंत मात्र जाऊ नका, तिथे सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

उजेडाचं म्हणाल तर इतक्या रुंद चौकटीत सूर्य कुठून तरी डोकावतोच. त्याला झाडाच्या फांदीआड अर्धवट लपवा आणि एफ/१६ करा, सुंदर चांदणी पडते. लेन्सच्या डायाफ्रॅमची पाती सम संख्येत असली तर तितकेच किरण, विषम असली तर दुप्पट. सात पात्यांना चौदा किरण!

पोलरायझर फिल्टर मात्र काढून ठेवा. आकाश सर्वात गडद होतं ते सूर्यापासून नव्वद अंशांवर. १६ ची लेन्स आडवं ९७ अंश बघते, त्यामुळे आकाशाच्या मधेच निळाकाळा पट्टा उमटतो आणि दोन्ही बाजू फिक्या. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅशही इथे पुरा पडत नाही. वर लेन्सच्या हूडची अर्धगोल सावली पडते ती वेगळीच.

आणि बटण दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. ट्रायपॉडचा पाय, कॅमेऱ्याचा पट्टा, आपली लांबट सावली, आपलेच बूट, यातलं काहीतरी नक्की असतं.

माणूस कुठे आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे सगळं आपण कशासाठी करतो?

आपले फोटो फार लांबचा प्रवास करतात. पूर्वी पाकिटातून जायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवरून जातात. साता समुद्रापलीकडे कुणाची तरी आजी ते उघडते आणि आधी चष्मा शोधते. आपण पाठवलेला असतो ग्रँड कॅनियन. अख्खा! कोट्यवधी वर्षांचे खडकांचे थर, त्यावर संध्याकाळचं ऊन. आजी बोटांनी फोटो मोठा करते, इकडे-तिकडे सरकवते आणि विचारते, 'यात आपली माणसं कुठली?' कोपऱ्यात कठड्याजवळ तीन ठिपके असतात, तीच आपली माणसं. याच्या उलट दुसरा प्रकार: चेहरा एवढा मोठा, की मागे कॅनियन आहे की किराणा दुकान ते कळत नाही. त्यावर तिचा प्रश्न, 'हे कुठे गेला होतात?'

आजीचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तिला माणूसही बघायचा आहे आणि माणूस कुठे आहे तेही. मी सांगतो, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका फोटोत देणारी याच्यासारखी दुसरी लेन्स नाही.

गणित बघा. १६ मिलिमीटर, आडवा फोटो, माणूस चार फुटांवर. तिथे लेन्सला उंचीत सहा फूट आणि रुंदीत नऊ फूट दिसतं. म्हणजे कॅमेरा कमरेच्या उंचीवर सरळ धरलात तर साडेपाच फुटांचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो, आणि वर मागचा सगळा देखावा राहतो. ५० ची लेन्स असती तर साडेबारा फूट मागे जावं लागलं असतं. साडेबारा फुटांवरून आपण ओरडून सूचना देतो. चार फुटांवरून गप्पा मारता येतात.

२०२२ च्या मे महिन्यात माझे आई-बाबा इकडे आले होते. योसेमिटीत व्हॅली व्ह्यू म्हणून जागा आहे, मर्सेड नदीच्या अगदी काठावर. डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्रायडलव्हेल, मे महिना म्हणून पाणी भरपूर. बाबांना मी काठावरच्या दगडांजवळ उभं केलं आणि चार फुटांवर जाऊन खाली बसलो. बाबा म्हणाले, 'अरे, इतक्या जवळून? मागचा डोंगर यायचा कसा?' मी म्हटलं, 'डोंगराचं मी बघतो, तुम्ही फक्त मला त्या पाण्याबद्दल सांगा.' झालं! बाबा पाटबंधारे खात्यात होते. पाण्याचा वेग किती असेल, हा बर्फ कधी वितळत असेल, इथे बंधारा घालायचा तर कुठे, असं सगळं सुरू झालं. बोलताना त्यांचा एक हात नदीकडे गेला, तेव्हा मी फोटो घेतला.

त्या फोटोत बाबा पूर्ण आहेत, पायातल्या कॅनव्हासच्या बुटांसकट. बुटाशेजारी ओले दगड आहेत, त्यामागे नदी, आणि दोन्ही बाजूंना ते प्रचंड कडे. त्या सहलीत आम्ही तीनशे-साडेतीनशे फोटो काढले असतील. आईने त्यातला हाच निवडला. तिला लेन्सबद्दल काही माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, 'यात हे तिथे उभे आहेत असं वाटतं. बाकीच्यांत आणून चिकटवल्यासारखे दिसतात.' आज तो फोटो मिरजेच्या घरी पुढच्या खोलीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा तो दाखवतात आणि बंधारा कुठे घालायला हवा तेही सांगतात!

आईचं ते वाक्य मला या लेन्सबद्दल वाचलेल्या सगळ्या माहितीपेक्षा उपयोगी पडलं आहे. फोटो काढण्याआधी मी हेच विचारतो: माणूस तिथे आहे, की चिकटवलेला आहे?

एक सावधगिरी. चेहरा तीन फुटांच्या आत आणू नका. एका फुटावर नाक कानांपेक्षा बरंच जवळ येतं, आणि मघाचं पणतीचं गणित नाकाला लागू होतं. लहान मुलांना हा प्रकार फार आवडतो, मोठ्यांना नाही.

सरावासाठी गृहपाठ

शिकायचं कसं? एक शनिवार फक्त ही लेन्स घेऊन बाहेर पडा. झूम असेल तर सर्वात वाइड टोकाला ठेवा आणि हात लावू नका. एकच वस्तू निवडा, अगदी घरासमोरची पत्रपेटीही चालेल. दहा फुटांवरून एक फोटो, पाच फुटांवरून एक, दोन फुटांवरून एक, एका फुटावरून एक. मग तेच गुडघ्याच्या उंचीवरून, आणि तेच जमिनीवरून. रात्री ते ओळीने बघा. पाऊण तासाच्या या खेळात जे कळतं ते माझ्या भाषणाने कळणार नाही.

दुसरा शनिवार घरात. स्वयंपाकघर ही उत्तम जागा, कारण तिथे मागे सरकायला वावच नसतो. चकल्यांचा सोऱ्या जवळ, तो दाबणारे हात त्यामागे, चेहरा मधल्या भागात, आणि मागे कढई, डबे, खिडकी. चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघण्याची गरज नाही. पंधरा वर्षांनी मुलं कॉलेजातून घरी येतील, तेव्हा त्यांना त्या खिडकीवर काय ठेवलेलं असायचं तेही बघायचं असेल.

आणि लेन्स विकत घेण्याआधी आठवड्यापुरती भाड्याने घेऊन बघा. अमेरिकेत ती सोय आहे, तिचा फायदा घ्या.

प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न

एका काकूंनी विचारलं, 'आमच्याकडे फक्त फोन आहे. मग हे सगळं आमच्यासाठी आहे का?' अगदी आहे! अंतर, उंची, सरळ धरणं, माणूस मधे ठेवणं, यातलं काहीच महाग कॅमेऱ्यावर अवलंबून नाही. फोनचं पॉइंट फाइव्ह तर १३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे १६ पेक्षाही रुंद, म्हणून कडेची काळजी थोडी जास्त. फक्त संध्याकाळी घरात तो कॅमेरा नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा कमी उजेड घेतो, तेव्हा दिवे लावा किंवा खिडकीजवळ या.

दुसरा प्रश्न एका तरुणाचा: 'कडेचा ताण सॉफ्टवेअरने घालवता येत नाही का?' बऱ्याच अंशी येतो, काही फोन तर तो आपणहून घालवतात. पण मग नकाशाचाच नियम: डोकं गोल केलं की मागची भिंत थोडी वाकते. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, जे उभं राहण्याची जागा बदलून सुटतं, त्याला प्रोग्रॅम लिहू नये.

साडेबारा वाजत आले. या दिवाळीत फोटो काढताना कुणी म्हणालं, 'जरा मागे सरका, सगळे येत नाहीत,' तर ग्रुप फोटोसाठी ठीक आहे, सरका. पण तो एक झाला की कॅमेरा घेऊन पुढे या. कडेला उभ्या असलेल्या त्या काकूंजवळ जा, चार फुटांवर, आणि त्यांना चिवड्याची कृती विचारा. बोलायला लागल्या की बटण दाबा.